जुन्या स्की बोटीतली गळती: पाणी कधी येतं ते आधी बघा

जुनी स्की बोट (पाण्यावर स्की करणाऱ्याला ओढणारी वेगवान बोट) हाती आली की पहिल्याच फेरीनंतर इंजिनाखाली बालदीभर पाणी दिसतं. मग सिलिकॉनची ट्यूब आणायची आणि दिसेल त्या फटीत भरत सुटायचं, असं बहुतेकांचं होतं. त्याने गळती थांबत नाही. उलट खरी जागा झाकली जाते आणि पुढे तिथे दुसरं कुठलंही सीलंट धरत नाही.

पाणी जिथे दिसतं तिथूनच आत येतं असं नसतं. उभ्या बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, जराशी वर असते, मागचा भाग जड असतो, त्यामुळे पुढे शिरलेलं पाणीही बोटीतल्या फळ्यांच्या जमिनीखालून वाहत मागेच साचतं. दोन्हींत तीन-तीन मीटर अंतर निघू शकतं. म्हणून ‘कुठून’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी ‘कधी’ ते पकडा. बोट नुसती पाण्यात उभी असताना, इंजिन चालू असताना, वेगात वळण घेताना की पाऊस पडून गेल्यावर? एवढं पक्कं कळलं तर निम्म्याहून जास्त संशयित आपोआप गळून पडतात.

इथे डोळ्यापुढे आहे ती १९८०-९०च्या दशकांतली, फायबरग्लासची, मधोमध पेट्रोल इंजिन आणि तिथून थेट मागे जाणारा शाफ्ट (प्रॉपेलर फिरवणारा दांडा) असलेली बोट. व्ही-ड्राइव्ह बोटीलाही (इंजिन अगदी मागे असलेल्या) हेच लागू, फक्त तिचा ग्लँड, म्हणजे शाफ्ट बाहेर पडतो तिथे पाणी अडवणारा भाग, इंजिनाखाली दडलेला असतो आणि हात पोचायला वेळ लागतो. या बोटी मुळात गोड्या पाण्याच्या तलावांसाठी बांधलेल्या. ठाण्याच्या खाडीत त्यांना खारं पाणी, बारीक गाळ आणि उधाणाला पाच मीटरच्या आसपास चढउतार करणारी भरती-ओहोटी सोसावी लागते. ओहोटीला बोट चिखलावर बसली की तिचा भार बुडाखालच्या फिन्सवर (पात्यांवर) आणि शाफ्टच्या स्ट्रटवर (आधाराच्या ब्रॅकेटवर) येतो. तलावातल्या बोटीला हा त्रास नसतो, म्हणून परदेशी माहितीपुस्तिकेत त्याबद्दल काही सापडणार नाही.

किती पाणी म्हणजे गळती?

दोरीचा ग्लँड असलेल्या बोटीत थोडं पाणी येणारच. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडायलाच हवेत, कारण त्याच पाण्याने दोरी थंड राहते. वीस थेंबांचा साधारण १ मिली धरा. मिनिटाला तीन थेंब म्हणजे दिवसाला जेमतेम २०० मिली. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला चार लिटरच्या वर जातं, तेव्हा काम हाती घ्या.

आता दुसरं टोक. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंमीवर २५ मिमीचं भोक उघडं राहिलं, म्हणजे बूच लावायचं राहिलं किंवा पाइप निसटला, तर मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी आत येतं. तासाला अडीच हजार लिटर. खोक्यावर ५०० गॅलन लिहिलेला बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) तासाला १९०० लिटर काढतो, तोही बॅटरी पूर्ण भरलेली आणि पाइप आडवा असेल तर. प्रत्यक्षात पाणी वर चढवून बाहेर टाकायचं असल्याने आकडा बराच खाली येतो. पंपाच्या भरवशावर गळती तशीच ठेवू नका, ती कधी वाढेल ते सांगून येत नाही.

कोणतं पाणी आहे?

घरी आरओचं पाणी तपासायला टीडीएस मीटर असतोच, तो इथे फार कामाचा आहे. आधी बिल्ज, म्हणजे बोटीचा आतला तळ, नळाच्या पाण्याने दोनदा धुऊन काढा, नाहीतर जुनं साचलेलं मीठ मोजलं जाईल. नंतर जमलेलं पाणी वाटीत घ्या. खाडीचं पाणी हजारांत जातं, उन्हाळ्यात तर साधा मीटर मोजायचंच थांबवतो. नळाचं पाणी शेकड्यांत आणि पावसाचं त्याहूनही कमी असतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र या युक्तीवर विसंबू नका. पावसाने खाडीचं पाणीच पातळ होतं, ठाण्याच्या टोकाकडे तर जास्तच.

पाणी रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर तो इंजिनाचा कूलंट. पेट्रोलचा वास आला तर शोध तिथेच थांबवा, झाकणं उघडून हवा खेळू द्या. वास पूर्ण जाईपर्यंत पंपाचं बटणही दाबायचं नाही.

तेलकट पाणी पंपाने खाडीत सोडू नका. या खाडीतल्या मासळीवर, निवट्या-खेकड्यांवर कोळीवाड्यांची घरं चालतात, आणि फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तेल शोषणारे पॅड टाका, पिळून डब्यात भरा आणि जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

बिल्जमध्ये बांध घाला

जमिनीच्या सगळ्या फळ्या, इंजिनाचं खोकं, सीटखालचं सामान बाहेर काढा. बिल्ज फडक्याने टिपून कोरडी करा आणि आधी तासभर नुसतं बघा. वाळलेल्या मिठाचे पांढरे ओघळ, गंजाच्या रेषा, एखाद्याच बोल्टभोवतीचा हिरवट चट्टा हा जुन्या गळतीचा नकाशाच असतो. धुण्याआधी त्याचे फोटो काढा.

मग शेतात पाणी अडवतो तसे बांध घाला. काचेला लावायची लांबी किंवा मुलांची खेळायची माती घेऊन नाळेपासून मागेपर्यंत दर अर्ध्या मीटरवर दोन-तीन सेंमी उंचीचे आडवे बांध. प्रत्येक कप्प्यात टिश्यू पेपर अंथरा. बोट पाण्यात उतरवा, इंजिन बंद ठेवा, तासाभराने कोणता कप्पा पहिला भिजला ते बघा. पाण्याची वाट दिसायला टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरवा. रांगोळी नको, ती दगडाची पूड असते आणि पंपात जाऊन बसते.

पहिल्या तासात काहीच आलं नाही तर इंजिन सुरू करा, पण त्याआधी बिल्जचा ब्लोअर (आतली वाफ बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटं चालवा. जागेवरच दहा मिनिटं चालवून बघा, मग गिअर टाकून हळू, मग वेगात आणि दोन्हीकडे वळणं घेत. दर टप्प्याला एक माणूस हातात टॉर्च घेऊन आत बघणारा हवा. सुकाणू धरणाऱ्याने मागे वळून बघणं धोक्याचं आहे.

सावकाश काम करायचं तर दिवस निवडून घ्या. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुढे रोज पाऊण तास उशिरा. चाचणीला अष्टमीच्या आसपासची भांग बरी, पाणी कमी चढतं-उतरतं आणि ओढही कमी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पहिली चाचणी करू नका.

ट्रेलरवर उलटी चाचणी

बोट बाहेर असेल तर बाहेरचं पाणी आत येण्याची वाट बघायची गरज नाही, आतलं पाणी बाहेर काढून बघा. ट्रेलरच्या चाकांना दगड लावा, बुडाच्या मधल्या रेषेखाली दोन-तीन लाकडी ठोकळे आधाराला द्या आणि आत नळाचं पाणी सोडा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तेव्हा थोडं थोडं भरा. सर्वांत खोल जागी ८ ते १० सेंमी पुरे. स्टार्टर मोटरला पाणी लागता कामा नये. पाण्यात चमचाभर खायचा लाल रंग टाकला तर खालून टपकणारा थेंब आणि नुसता घाम यांतला फरक कळतो.

आता खाली जाऊन आरशाने बघा: बुचाची कड, फिन्सचे स्क्रू, स्ट्रटचे बोल्ट, सुकाणूचा ग्लँड, शाफ्ट बाहेर पडतो ती जागा. थेंब दिसला की खडूने गोल करा. तासाभराने पाणी काढून टाका, रात्रभर ठेवू नका.

शाफ्ट ग्लँड

जुन्या स्की बोटीतल्या गळतीत पहिला संशय याच्यावर घ्या. शाफ्ट जिथे बोटीतून बाहेर जातो तिथे पितळी किंवा कांस्याचा मोठा नट असतो, त्याच्या आत मेण किंवा टेफ्लॉन मुरवलेल्या दोरीची वेटोळी दाबलेली असतात. नटामागे तो जागचा हलू नये म्हणून चेकनट, आणि हे सगळं जाड रबरी होजने बोटीच्या नळीला जोडलेलं.

नुसतं जास्त टपकत असेल तर दोन मोठे पाने घ्या. एकाने नट धरा, दुसऱ्याने चेकनट सोडा. एकाच पान्याने जोर लावला तर सगळा ग्लँड फिरतो आणि होज पिळवटून फाटतो. नट एका वेळी एकच फ्लॅट, म्हणजे एक षष्ठांश फेरा आवळा, थेंब मोजा, चेकनट घट्ट करा. नट शेवटपर्यंत आवळूनही थेंब कमी होत नसतील तर दोरी संपली आहे.

दोरी बदलायचं काम बोट जमिनीवर असतानाच करा. माप असं काढा: नटाच्या आतल्या व्यासातून शाफ्टचा व्यास वजा करून निम्मं करा. नट ३५ मिमी आणि शाफ्ट १ इंची, म्हणजे २५.४ मिमी असेल तर ४.८ मिमी, अर्थात ३/१६ इंची दोरी. अंदाजाने जाड दोरी कोंबली तर ती जळते. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळेच्या औद्योगिक वसाहतींतल्या पंपांनाही ग्लँड दोरीच लागते, त्यामुळे तिथल्या औद्योगिक हार्डवेअरच्या दुकानांत ती मिळते. टेफ्लॉनची किंवा मेण मुरवलेली मागा. पंपवाले बऱ्याचदा ग्रॅफाइटची देतात, ती घेऊ नका. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट स्टेनलेसच्या शाफ्टला खड्डे पाडतं.

नट पूर्ण मागे सरकवा आणि जुनी सगळी वेटोळी हुकाने ओढून काढा. बहुधा तीन असतात. दोन निघतात आणि तळचं, दगडासारखं झालेलं, आतच राहतं. नवशिक्यांची गाडी इथेच अडते, म्हणून टॉर्च मारून नटाचा तळ दिसेपर्यंत थांबू नका. नवी दोरी शाफ्टच्या स्वच्छ भागावर गुंडाळून धारदार ब्लेडने एकेक कडं कापा, टोकं एकमेकांना टेकतील पण चढणार नाहीत अशी. अख्खी दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून घालू नका, पाणी त्याच वाटेने फिरत आत येतं. एकेक कडं दाबून बसवा आणि प्रत्येकाचा सांधा आधीच्यापासून तिसरा हिस्सा फिरवून ठेवा. नट हाताने आवळा, बाकीचं पाण्यात उतरल्यावर.

पाण्यात पंधरा-वीस मिनिटं गिअरमध्ये चालवा, इंजिन बंद करा, शाफ्ट थांबला याची खात्री करा आणि मग नटाला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर नट एक फ्लॅट सैल करा. नवी दोरी बसते तशी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा जुळवावी लागते.

नवी दोरी घालूनही महिन्याभरात गळायला लागलं तर दोष दोरीचा नाही. शाफ्टवर दोरीच्या जागी नखाला लागेल अशी खाच पडली आहे का बघा. प्रॉपेलरजवळ शाफ्ट हाताने हलवा. तो खडखडत असेल तर स्ट्रटमधली रबरी बेअरिंग संपली. शेवटी इंजिन आणि शाफ्टची सरळ रेष: दोघांना जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली फट चारही बाजूंना फीलर गेजने मोजा, फरक ०.०८ मिमीच्या आत हवा. हे माप बोट दिवसभर पाण्यात तरंगल्यावर घ्यायचं, ट्रेलरवर बुडाचा आकार किंचित बदललेला असतो.

ग्लँडचा होजही खालच्या बाजूने हाताचं बोट फिरवून तपासा. चिरा तिथेच पडतात आणि वरून दिसत नाहीत. दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेनलेस क्लिपा लावा. चुंबक घेऊन क्लिपेचा स्क्रू तपासा. पट्टी चांगली आणि स्क्रू हलक्या स्टीलचा, अशा क्लिपा सर्रास मिळतात आणि आधी स्क्रूच गंजतो. स्क्रूला चुंबक घट्ट चिकटला तर ती क्लिप पाण्याखालच्या जागी वापरू नका.

सुकाणूचा ग्लँड याच पद्धतीचा, पण सुकाणू गरगर फिरत नाही. तो अजिबात टपकायला नको.

इंजिन चालू असतानाच येणारं पाणी

खाडीचं पाणी ओढणारा पंप पहिला बघा. त्याच्या अंगाखाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब येत असतील तर आतलं सील गेलं. ते भोक बुजवू नका, बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये जातं. गाळ ओढून इथल्या पंपांचे रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारी चक्रं) लवकर झिजतात, त्यामुळे पंप उघडलाच आहे तर इम्पेलरही बदलून टाका. जमिनीवर चाचणी घेताना ओढणाऱ्या पाइपाला नळाच्या पाण्याची सोय केल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, कोरडा इम्पेलर मिनिटभरात जळतो.

त्यानंतर गाळणीच्या झाकणाचं गॅस्केट, ब्लॉकचे ड्रेन प्लग, आणि एक्झॉस्टचे जाड होज. एक्झॉस्टच्या होजमधून पाणी गळत असेल तर तिथून कार्बन मोनॉक्साइडही आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बसलेल्या माणसाला कळायच्या आत तो जीव घेतो. असा होज दिसला की बोट बंद, होज बदलल्यावरच पुढची फेरी. गाडीच्या रेडिएटरचा पाइप तिथे चालत नाही, बोटीच्या एक्झॉस्टसाठी बनवलेलाच हवा.

बुडाखालची भोकं

स्की बोट सरळ रेषेत जावी म्हणून तिच्या बुडाखाली मधोमध बहुधा तीन फिन्स असतात. चिखलावर बसून त्या हलल्या की स्क्रूभोवतीचं सीलंट फाटतं. प्रत्येक फिन धरून हलवा. जरा जरी हलली तरी काढा. भोकात लाकडी काडी घालून बघा, ती ओली किंवा काळी बाहेर आली तर आतलं लाकूड भिजलं आहे. पूर्ण वाळेपर्यंत थांबा, भोक थोडं मोठं करा, घट्ट केलेलं एपॉक्सी भरा, ते वाळल्यावर नव्याने भोक पाडा आणि पॉलियुरेथेन सीलंटमध्ये फिन बसवा.

सीलंटबद्दल एवढं लक्षात ठेवा: पाण्याखाली सिलिकॉन नाही, आणि दोन गोळ्या मळून लावायचं घरगुती एपॉक्सीही नाही. पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड वापरा. पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसा, सीलंट सढळ लावा आणि आवळताना सगळं पिळून बाहेर काढू नका, मध्ये थर राहिला पाहिजे. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने वाळतं, त्यामुळे आपल्या दमट हवेत ते बरं धरतं. तरी ट्यूबवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका.

पितळी फिटिंग सुरीने खरवडा. आत पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसला तर त्यातलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लं आहे, उरलंय ते ठिसूळ तांबं. असं फिटिंग एका धक्क्यात तुटतं. त्या जागी कांस्याचं बसवा.

एक जागा जवळजवळ सगळेच विसरतात. जुन्या बोटींत वेगमापकाला पाण्याचाच दाब जातो, मागच्या पिटो नळीपासून (पाण्याचा दाब घेणाऱ्या नळीपासून) डॅशपर्यंत बारीक प्लॅस्टिकचा पाइप असतो. तो डॅशखाली निसटला तर वेगात असताना बारीक कारंजं उडतं आणि बोट थांबली की थांबतं. पुढचा कप्पा फक्त वेगात भिजत असेल तर आधी डॅशखाली हात घाला.

वरून येणारं पाणी

मागच्या फळीच्या ब्रॅकेटचे बोल्ट, उचलायच्या कड्या, एक्झॉस्टच्या तोंडाची कड, कडेच्या रबरी पट्टीखालचा सांधा. एकाने बाहेरून नळीने खालून वर जात पाणी मारायचं, दुसऱ्याने आत बघायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ खाली येतात आणि काहीच कळत नाही. पट्टीखालचा सांधा गळत असेल तर पट्टी काढूनच सीलंट भरा.

फायबरला तडा असेल तर

हातोडीच्या दांड्याने बूड आणि आतले स्ट्रिंगर (बुडाला बळकटी देणारे लांब दांडे) ठोकत जा. ‘टण’ असा कोरडा आवाज चांगला, ‘भद्द’ असा आला तर थर सुटलेले किंवा लाकूड कुजलेलं. कुजलेले स्ट्रिंगर हे नवशिक्याचं काम नाही, तिथे जाणत्या कारागिराला बोलवा.

साधा तडा मात्र जमतो. तो पूर्ण खरवडून काढा आणि कडा उतरत्या घासा, जाडीच्या बारापट. बूड ५ मिमी जाड असेल तर चारही बाजूंना ६० मिमी. घासताना मास्क आणि चष्मा हवाच. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या फायबर मॅटचा एक थर साधारण १ मिमी भरतो, म्हणजे पाच थर. एका वेळी दोन-तीनच लावा, नाहीतर उष्णतेने तडे जातात. पॉलिस्टर रेझिन एका वेळी २००-३०० ग्रॅमच कालवा. तीस अंश तापमानाला हार्डनर १ ते १.५ टक्का, म्हणजे १०० ग्रॅमला १ ते १.५ ग्रॅम. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, हार्डनर सर्वांत शेवटी.

पाण्याखालच्या दुरुस्तीला पॉलिस्टरपेक्षा एपॉक्सी जास्त घट्ट धरतं आणि खर्च परवडत असेल तर तेच घ्या. त्याच्यासोबत मॅट नको, विणलेलं कापड वापरा. आणि वरून पॉलिस्टर जेलकोट (बाहेरचा चकचकीत रंगीत थर) मारू नका, तो एपॉक्सीवर नीट धरत नाही, एपॉक्सीचाच रंग लावा.

पावसाळ्यात बोट बाहेर ओढलेली असते म्हणून सगळे तेव्हाच फायबरचं काम काढतात. पण पॉलिस्टरला ओलावा सोसत नाही, थर दुधाळ होतो आणि पुढे सुटतो. पावसाळ्यात शोध घ्या, भोकं मोकळी करून वाळवत ठेवा, ग्लँड आणि होज उरका. फायबर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

दुरुस्तीनंतर बोट उतरवली की दोर जेट्टीलाच आणि ट्रेलर उतारावरच राहू द्या. बिल्ज कोरडी करून दहा मिनिटांनी बघा, मग अर्ध्या तासाने, मग दोन तासांनी, आणि प्रत्येक वेळी जमलेलं पाणी मापाच्या भांड्याने मोजून लिहून ठेवा. दोन तासांत पाव लिटरच्या वर गेलं तर त्या रात्री बोट पाण्यात सोडू नका.